कुणावर हसलेले चालते? राजकीय विनोदाच्या अभ्यासाची प्रस्तावना

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईत कांदिवलीला राहणाऱ्या एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला शिवसैनिकांनी मारहाण केली. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यावरचे एक व्यंगचित्र या अधिकाऱ्याने व्हॉट्सॲपवर पुढे पाठवले होते. विधानसभेतले विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी या गुंडगिरीचा जाहीर निषेध केला. मार्च २०२५ मध्ये खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची मोडतोड झाली. विनोदकार कुणाल कामरा यांनी तिथे सादर केलेल्या विडंबनगीताचा रोख उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याकडे होता आणि मोडतोड करणारे शिंदे यांच्या शिवसेनेचे होते. मोडतोड करणाऱ्यांवर गुन्हा नोंदवला गेला, तसाच कामरा यांच्यावरही. आता फडणवीस मुख्यमंत्री होते आणि कामरा यांनी माफी मागावी, असे ते म्हणत होते. कामरा यांनी काहीच गैर केलेले नाही, असे उद्धव ठाकरे सांगत होते.

राजकीय विनोदाच्या अभ्यासाला नव्याने लागणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी, असे मला वाटते. सामाजिक शास्त्रांत ज्या परिस्थितीसाठी प्रयोग रचावे लागतात, ती इथे आयती मिळते. शहर तेच, माणसे बरीचशी तीच, फक्त पाच वर्षांच्या आत खुर्च्यांची अदलाबदल झालेली. दोन्ही वेळा विनोद सत्तेवरच्या नेत्यावर होता आणि दोन्ही वेळा त्याला हाताने उत्तर दिले गेले. विनोदकाराच्या बाजूने बोलायला पुढे आला तो मात्र दोन्ही वेळा समोरचा पक्ष. यात दुटप्पीपणा आहे हे कुणीही सांगेल. तो घडतो कसा, तो करणाऱ्याला तसा वाटतच नाही तो का, आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजतो, हे आपले प्रश्न आहेत. तुम्ही इतिहासाचे, मानसशास्त्राचे, कायद्याचे किंवा साहित्याचे विद्यार्थी असाल, तर या शाखेत तुमचे मनापासून स्वागत आहे. इथे या सगळ्यांची गरज पडते.

आधी एक गैरसमज दूर करू या. आपल्या नेत्यावरच्या विनोदाने भडकणारा आणि विरोधी नेत्यावरच्या विनोदाला टाळी देणारा माणूस ढोंगी असतोच असे नाही. थॉमस हॉब्जने सतराव्या शतकात हसण्याचे मूळ दुसऱ्यापेक्षा आपण वरचढ असल्याच्या अचानक जाणिवेत शोधले. १९७६ मध्ये डॉल्फ झिलमन आणि जोअन कँटर यांनी तो विचार मानसशास्त्राच्या भाषेत नेमका मांडला. ज्याच्याविषयी मनात अढी आहे त्याची फजिती जास्त हसवते, ज्याच्याविषयी जिव्हाळा आहे त्याची फजिती हसवत नाही. म्हणजे समर्थकाला आपल्या नेत्यावरचा विनोद खरोखरच विनोदी वाटत नाही. मग ‘मला हसू आले नाही’ इथून ‘हा विनोदच नव्हे, ही बदनामी आहे’ इथवर पोचायला वेळ लागत नाही. अमेरिकेत २००९ मध्ये हेदर लामार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टीफन कोल्बेअर यांच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोल्बेअर दूरचित्रवाणीवर उजव्या विचारांच्या भाष्यकाराचे सोंग आणत. उदारमतवादी आणि पुराणमतवादी दोघांनाही ते विनोदी वाटत होते, पण हा माणूस थट्टेचा नुसता आव आणतो आणि मनातून तेच मानतो, असे समजण्याकडे पुराणमतवादी प्रेक्षकांचा अधिक कल होता. एकाच सोंगातून दोघे दोन माणसे पाहत होते.

आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला हे कुणी शिकवावे लागत नाही. बतावणीत कुणाला कितपत टोचायचे, हे तो समोरचा गाव पाहून ठरवतो. गावात वजन कुणाचे, पुढे कोण बसले आहे, मागून शिट्टी कुठल्या नावाला येते, याचा त्याला अंदाज असतो. बतावणी लिहून ठेवलेली नसते, म्हणून आपल्या शाखेला ती अजून पुरेशी दिसलेली नाही. ज्यांना तालुक्याच्या जत्रांत रात्री काढायची हौस आहे, त्यांच्यासाठी इथे मोठे काम पडले आहे.

छापील विनोदाकडे वळले की महाराष्ट्रात ‘मार्मिक’ला वळसा घालून पुढे जाता येत नाही. ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रकार म्हणून काम केलेल्या बाळ ठाकरे यांचे हे साप्ताहिक १३ ऑगस्ट १९६० रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते सुरू झाले आणि सहा वर्षांनी त्यातूनच शिवसेना उभी राहिली. व्यंगचित्रातून जन्मलेल्या पक्षाचे कार्यकर्ते साठ वर्षांनी एका व्यंगचित्रासाठी एका वृद्धावर हात टाकतात, यातली विसंगती कुणालाही दिसते. अभ्यासकाने तिच्या पलीकडे जावे. रेषेने माणूस कसा लहान करता येतो, हे या पक्षाला जन्मापासून ठाऊक होते. थट्टा निरुपद्रवी असते असे तो कधीच मानत नव्हता. म्हणून ती आपल्यावर उलटली तेव्हा त्याने ती हल्ला म्हणूनच घेतली. माझ्या मते यात त्याची स्वतःशी सुसंगती आहे. चूक आहे ती दुसऱ्याला तोच हक्क नाकारण्यात.

याच्या उलट टोकाला व्यंगचित्रकार शंकर यांचे ‘शंकर्स वीकली’ आहे. १९४८ मध्ये त्याचे उद्घाटन करणाऱ्या जवाहरलाल नेहरूंनी आपल्यालाही सोडू नका असे शंकर यांना सांगितले आणि शंकर यांनी त्यांना खरोखरच सोडले नाही. पण ही उदारता एका माणसाच्या स्वभावाची होती. ती संस्थांमध्ये आणि कायद्यात रुजली का, याचे उत्तर पुढच्या काळात मिळते.

ते २०१२ या एका वर्षातच पाहा. एप्रिलमध्ये जादवपूर विद्यापीठातले प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना ममता बॅनर्जींवरचे व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. त्यांची खटल्यातून सुटका व्हायला २०२३ उजाडले. सप्टेंबरमध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाच्या कलमाखाली पकडले. नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद कशासाठी, असे फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघरच्या तरुणीला आणि तो मजकूर ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. महाराष्ट्रात तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. पालघरच्या अटकेतूनच श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम रद्द केले. पोलिसांकडे दुसरी कलमे होतीच. २०१९ मध्ये ममता बॅनर्जींचे जुळवलेले छायाचित्र पसरवल्याबद्दल भाजपच्या एका युवा कार्यकर्तीला बंगालमध्ये अटक झाली. १ जानेवारी २०२१ रोजी भाजपचे राज्य असलेल्या मध्य प्रदेशात, इंदूरमध्ये विनोदकार मुनव्वर फारुकी यांना पकडले. ज्या विनोदांसाठी पकडले ते त्यांनी त्या कार्यक्रमात केलेच नव्हते, असे त्यांच्या बाजूचे म्हणणे होते. मे २०२२ मध्ये महाविकास आघाडीच्या राज्यात शरद पवारांविषयीची एक पोस्ट टाकल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिल्या.

ही यादी वर्गात वाचली की पहिल्या काही मिनिटांत विद्यार्थ्यांची दोन गटांत विभागणी होते. एकाला केतकी चितळे यांची अटक आठवून राग येतो, दुसऱ्याला फारुकी यांची. मी त्यांना पक्षांची नावे झाकून फक्त कृती लिहून काढायला सांगतो. कुणी काय म्हटले, कुणाविषयी म्हटले, त्यानंतर किती दिवस कोण कुठे होते. रागाची दिशा त्यानंतरही फारशी बदलत नाही, पण आपला राग कुठून येतो हे दिसू लागते. अभ्यासकाला एवढे अंतर पुरते. निःपक्ष होण्याची अट मी कुणाला घालत नाही.

आता एक अवघड गोष्ट. दोन विनोदांना दोन वेगळी मापे लावली की तो दरवेळी दुटप्पीपणाच असतो असे नाही. हे समजून घ्यायला एक चित्र जवळून पाहू या. ऑगस्ट १९४९ मध्ये शंकर यांनी काढलेले हे चित्र. गोगलगायीच्या पाठीवर डॉ. आंबेडकर बसले आहेत, हातात चाबूक. गोगलगायीवर ‘संविधान’ लिहिले आहे. मागे नेहरू उभे आहेत, त्यांचाही चाबूक उगारलेला आणि भोवती गर्दी. छापले गेले तेव्हा विषय होता घटना समितीच्या कामाचा संथपणा. २००६ मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ते आले आणि मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली.

नेहरूंचा चाबूक नेमका कुणावर उगारला आहे? गोगलगायीवर, असे संपादकांचे वाचन. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी खऱ्या चाबकाचे वळ पाहिले, त्यांना तो बाबासाहेबांच्या पाठीवर दिसला. हे वाचन अडाणीपणाचे होते असे मी कधीच म्हणणार नाही. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातली आंबेडकरांवरची व्यंगचित्रे जमवून २०१९ मध्ये पुस्तक केले. नामवंत वृत्तपत्रांतले नामवंत चित्रकार त्यांना पुन्हा पुन्हा कसे खुजे रेखाटत होते, ते त्यात पानोपानी दिसते. ही रांग डोळ्यांसमोर असली की एकोणपन्नासचे चित्र एकटे उरत नाही. तरीही कार्यालय फोडण्याचे समर्थन त्यातून होत नाही. आणखी एक गोष्ट तेव्हा घडली, तिच्याकडे फार कमी लक्ष गेले. संसदेतली चर्चा बाबासाहेबांवरून बघता बघता सगळ्याच राजकारण्यांच्या व्यंगचित्रांकडे वळली. दलित वाचकांच्या खऱ्या वेदनेच्या आडोशाला सर्व पक्षांच्या नेत्यांनी आपापला अहंकार आणून बसवला. सरकारने सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यातले एक सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. या अभ्यासशाखेत येणाऱ्या प्रत्येकाने ती आणि समितीचा अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचावा.

म्हणून दुटप्पीपणा म्हणण्याआधी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. विनोदाने कुणाला किती दुखले, हा एक. दुखले म्हणून शिक्षा करण्याची ताकद कुणाच्या हातात होती, हा दुसरा. नेत्यालाही दुखते, हे मान्य. पण त्याच्या दुखण्यामागे ठाणे अंमलदार, महापालिकेचा हातोडा आणि गल्लीतली पोरे उभी राहू शकतात. कामरा प्रकरणातल्या मोडतोडीनंतर दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे लोक हॅबिटॅटचे बांधकाम पाडायला पोचले होते.

आणि इथे आपल्या शाखेची सर्वांत मोठी उणीव आहे. आपण ज्या घटना जमवतो, त्या बातम्यांतून आणि गुन्ह्यांच्या नोंदींतून येतात. तिथे तोच विनोद पोचतो ज्याच्या विरोधात एखादा पक्ष ओरडला. प्रचारसभांत स्त्री उमेदवारांच्या दिसण्यावर आणि लग्नावर जे बोलले जाते, त्याला दोन्ही बाजूंच्या मंडपांत हशा पिकतो. त्यावर क्वचितच कुणी तक्रार करतो, कारण उद्या आपल्यालाही तेच बोलायचे असते. ‘मार्मिक’मध्ये ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य नोकरदारांच्या याद्या छापून येत. त्याच पानांतल्या व्यंगचित्रांत लुंगीवाला ही हसण्याची बाब होती. त्या कारकुनांच्या बाजूने मुंबईत बोलेल असा वजनदार पक्ष नव्हता, म्हणून त्यांचे दुखणे कुठल्याच नोंदीत आले नाही. माटुंग्यात, चेंबूरमध्ये ती कुटुंबे अजून राहतात. तेव्हा नोकरीत असलेल्यांपैकी जे हयात आहेत, त्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे. तुमच्यापैकी कुणाला तमिळ, मल्याळम किंवा कन्नड येत असेल, तर ग्रंथालयात बसण्याआधी त्यांच्या मुलाखतींना लागावे.