जयपूरचे ५३ दिवस



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांवर बोलतो. आज लढाई नाही. तरी मोर्चेबांधणी आहे, वेढा आहे, आणि शेवटी एक गुप्त राहिलेला कागदही आहे. घटना जयपूरची आहे. निवृत्तीनंतर मी इथेच राहतो, त्यामुळे ज्या रस्त्यांवर हे घडले तिथून माझे जाणे-येणे असते.

प्रश्न असा की, सरकार लोकांना विचारते, "तुमचे मत काय?" लोक सांगतात. मग त्या मताचे पुढे काय होते?

जयपूर वसले तेव्हा हा प्रश्नच नव्हता. १७२७ साली सवाई जयसिंगांनी शहर आखले, विद्याधर भट्टाचार्य या बंगाली पंडिताची मदत घेतली, चौकड्या पाडल्या, रुंद सरळ रस्ते काढले, व्यापाऱ्यांना बोलावून बसवले. हेच ते जयसिंग, ज्यांनी १७३५ च्या तीर्थयात्रेत बाजीरावांच्या मातोश्री राधाबाईंचा पाहुणचार केला होता. शहर देखणे झाले यात वाद नाही. पण आराखडा राजाचा आणि राहायचे प्रजेने, हा त्या काळचा रिवाज. स्वातंत्र्यानंतर राजे गेले, पण रिवाज मात्र दफ्तरात राहिला. आराखडा कार्यालयात बनायचा, पैसा कार्यालयातून निघायचा, आणि काम "पूर्ण" झाल्याचा शिक्काही तिथेच बसायचा.

हा रिवाज हलवला तो जयपूरपासून बराच लांब, राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी नावाच्या लहानशा वस्तीतून. १९८७ मध्ये तिथे एका मातीच्या घरात तीन कार्यकर्ते राहायला आले. अरुणा रॉय १९६८ च्या तुकडीच्या आयएएस, सत्तरच्या दशकात नोकरी सोडून समाजकार्यात आलेल्या. निखिल डे परदेशातले शिक्षण सोडून आलेले. शंकर सिंह त्याच भागातले, बाहुल्यांच्या खेळातून आणि गाण्यांतून लोकांशी बोलणारे. १ मे १९९० रोजी, आपल्या महाराष्ट्र दिनी, भीम गावात 'मजदूर किसान शक्ती संघटन' स्थापन झाले.

सुरुवातीची मागणी फार साधी होती. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्याला किमान मजुरी पूर्ण मिळावी. ती मिळत नव्हती, आणि का मिळत नाही हे विचारले की उत्तर ठरलेले असे: "कागदात बघा, तुम्ही काम कमी केले आहे." कागद बघायला मागितला की तो गोपनीय. खडी फोडणाऱ्या बाईच्या हजेरीपटात देशाच्या सुरक्षेचे कुठले गुपित दडले होते, हे मी तीसहून अधिक वर्षे वर्दीत काढून आजही सांगू शकणार नाही.

मग त्यांनी कागद मिळवायला सुरुवात केली. काही सज्जन अधिकाऱ्यांनी पाहू दिले, काही झगडून मिळाले. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात पहिली जनसुनावणी झाली.

इथे जरा थांबून पद्धत समजून घेऊ, कारण सगळे मर्म तिच्यात आहे.

सुनावणीच्या आधी कार्यकर्ते हजेरीपट, पावत्या आणि मोजमाप पुस्तकातल्या नोंदी उतरवून घेत आणि गावोगाव, घरोघर जात. "तुमचे नाव अमुक कामावर इतके दिवस लागले आहे. गेला होता का? पैसे किती मिळाले?" असे विचारत. पावतीत इतक्या गाड्या दगड लिहिला असेल तर गाडीवाल्याला गाठत. हे सगळे जुळवून झाले की गावात मांडव पडे, ध्वनिक्षेपक लागे, बाहेरचे वकील, पत्रकार, प्राध्यापक ऐकायला बसत. सरपंच, ग्रामसेवक, अभियंता यांनाही बोलावणे असे आणि त्यांची बाजू मांडायची मुभा असे. मग कागद मोठ्याने वाचला जाई. ज्याचे नाव येई तो उठून सांगे, खरे की खोटे.

हजेरीपटात मेलेल्या माणसांची नावे निघाली. कधीच कामावर न गेलेल्यांची निघाली. कागदावर पूर्ण झालेली इमारत गावकऱ्यांना बिनछपराची दिसत होती. लोक आधी हसत, मग चिडत. १९९८ च्या सुरुवातीच्या सुनावण्यांत काही सरपंचांनी गावासमोर पैसे परत केले. या सुनावणीला न्यायालयाचा कसलाही अधिकार नव्हता हे लक्षात घ्या. समन्स नाही, शिक्षा नाही. अधिकार होता तो फक्त कागद आणि माणूस समोरासमोर आणण्याचा.

लष्करात आम्ही बातमी आणि खबर यांत फरक करतो. गस्तीवरून आलेला जवान सांगतो ती बातमी. ती दुसऱ्या स्रोताशी ताडली, नकाशावर मांडली, वेळ तपासली की तिच्यावर निर्णय घेता येतो. न ताडलेल्या बातमीवर कोणताही शहाणा कमांडर तुकडी हलवत नाही. जनसुनावणीत नेमके हेच ताडणे होते, आणि तेही उघड्यावर. बोलणारा खोटे बोलला तर शेजारी बसलेला त्याला तिथेच टोकणार. कागद खोटा असेल तर सगळे गाव टोकणार.

याच्या उलटचा नमुना मी आमच्या वसाहतीत पाहिला. पावसाळी गटाराचे काम निघणार म्हणून एका कार्यालयाने छापील अर्ज वाटले. "आपण सुविधांबाबत समाधानी आहात का?" आणि पुढे तीन चौकोन. गटार कुठून कुठे जाणार, किती रुंद, किती खर्चाचे, यातले अवाक्षर नाही. लोकांनी मुकाट खुणा करून अर्ज परत दिले. हे विचारणे नव्हे. माहिती न देता मत मागणे म्हणजे नकाशा न दाखवता जवानाला "हल्ला कुठून करू?" असे विचारण्यासारखे आहे.

आता वेढ्याकडे येतो.

५ एप्रिल १९९५ रोजी मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत जाहीर केले की, स्थानिक विकासकामांच्या कागदपत्रांच्या प्रती नागरिकांना मिळतील. वर्तमानपत्रात बातमी आली. लोक कात्रण घेऊन कार्यालयात जाऊ लागले, तेव्हा उत्तर मिळे, "आमच्याकडे आदेश आलेला नाही." एक वर्ष असेच गेले. ६ एप्रिल १९९६ रोजी ब्यावर शहरात चांग दरवाजापाशी धरणे सुरू झाले आणि ४० दिवस चालले. भाजीवाल्यांनी भाजी दिली, दुकानदारांनी वर्गणी दिली, शेतकऱ्यांनी धान्य आणले. घोषणा होती, "हमारा पैसा, हमारा हिसाब." पुढे हे लोण जयपूरला आले. त्याच वर्षी माहितीच्या अधिकारासाठी देशपातळीवरची मोहीमही उभी राहिली, तिच्यात पत्रकार, वकील, निवृत्त अधिकारी सामील झाले.

आश्वासने मिळाली, समित्या बसल्या, कागद काही मिळेना. म्हणून १९९७ च्या उन्हाळ्यात जयपूरला सचिवालयाजवळ पुन्हा धरणे. जयपूरचा मे-जून ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. सकाळी दहालाच डांबर मऊ होते. त्या रस्त्यावर खेड्यांतून आलेल्या बाया-माणसांनी ५३ दिवस काढले.

आणि जुलैमध्ये उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की, पंचायतीच्या कागदपत्रांच्या प्रती घेण्याचा अधिकार देणारी अधिसूचना सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात निघालेली आहे!

पुन्हा वाचा. ज्या आदेशासाठी माणसे रस्त्यावर बसली होती तो आदेश छापून तयार होता, आणि रोज समोरून जाणाऱ्या कुणीही त्यांना तसे सांगितले नाही. धरणे धरणाऱ्यांपर्यंत तो पोहोचलाच नाही. माझ्या मते या संपूर्ण आंदोलनाचे याहून चांगले समर्थन दुसरे नाही. माहितीचा अधिकार देणारा कागदच माहितीअभावी निरुपयोगी पडून होता.

पुढचा भाग आपल्याला साधारण ठाऊक आहे. तमिळनाडू आणि गोवा या राज्यांनी १९९७ मध्येच आपापले कायदे केले होते. राजस्थानचा २००० साली झाला, महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने कायद्याला धार आली, आणि २००५ मध्ये केंद्राचा माहिती अधिकार आला.

त्याच २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा केंद्रीय कायदा झाला, त्यात आपल्या मराठी माणसांनी लक्ष द्यावे असे काही आहे. काम मागणाऱ्याला काम देण्याची कल्पना महाराष्ट्राची. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर कसाला लागली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या कामांचा हिशेब गावसभेसमोर वाचायचा, म्हणजे सामाजिक लेखापरीक्षण, ही रीत राजस्थानच्या मांडवातून आली. केंद्राच्या कायद्यात ती कलम १७ म्हणून बसली. आपण खोदलेल्या विहिरीला राजस्थानने कठडा बांधला म्हणा. आपल्याकडे रोहयोत बोगस मजुरांची ओरड वर्षानुवर्षे होती. गावात हजेरीपट मोठ्याने वाचण्याचे आपल्याला का सुचले नाही, हे मला अजून कोडे आहे.

राजस्थानने पुढे २०१२ मध्ये सुनावणीच्या अधिकाराचा कायदा केला. तक्रार दिली की ठरावीक मुदतीत सुनावणी आणि लेखी निर्णय. २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल आले, त्यावर पंचायतवार शिधा, पेन्शन, रोजगार यांची माहिती न मागता दिसते. दोन्ही चांगली पावले. मात्र संगणकाच्या पडद्यावर हजेरीपट दिसणे वेगळे, आणि शेजारणीसमोर तो वाचला जाणे वेगळे.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, हा झाला झालेल्या खर्चाचा हिशेब. उद्याच्या आराखड्याचे काय? बरोबर आहे. तिथे काम अधिक अवघड होते, कारण न झालेल्या गोष्टीला साक्षीदार नसतो.

मुंबईचे उदाहरण घ्या. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. त्या त्रासदायक होत्या कारण त्यातल्या पुष्कळ मतांच्या नव्हत्याच, वस्तुस्थितीच्या होत्या. आहे ते नकाशात नाही, नकाशात आहे ते जागेवर नाही. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा नव्याने दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित आराखडा लागू व्हायला २०१८ उजाडले. मसुद्याच्या आधी, जमिनीच्या सध्याच्या वापराचे नकाशे निघाले होते तेव्हाच स्वयंसेवी संस्थांनी चुका दाखवायला सुरुवात केली होती. त्या वेळी प्रत्येक वॉर्डात नकाशा भिंतीवर लावून रहिवाशांसमोर गल्ली-गल्ली वाचला असता, तर निम्मी दमछाक वाचली असती असे मला वाटते.

अशा ढिगातून अर्थ काढायचा तर नुसती मोजदाद चालत नाही. "माझी शाळा मोकळा भूखंड दाखवली आहे" असे एकच पत्र असले तरी एका फेरीत त्याचा निकाल लागतो, आणि ते खरे असेल तर हजार पत्रांइतके वजनदार. एकाच मजकुराची छापील पाच हजार पत्रे आली तर मुद्दा एकच, फक्त त्यामागे माणसे किती हे कळते. आणि ज्याची जमीन आरक्षणात जाते त्याचे पत्र वेगळे वाचावे लागते. तो खोटा असेल असे नाही, पण तो कुठे उभा राहून बोलतो आहे ते ध्यानात ठेवावे लागते.

गोव्याने एकदा वेगळे करून पाहिले. लोकांच्या उद्रेकानंतर २००७ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ रद्द झाला. नव्या आराखड्याच्या कामात चार्ल्स कोरिया होते, म्हणजे आमच्या जयपूरच्या जवाहर कला केंद्राचे वास्तुकार. गावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवून गावाचे म्हणणे मागवले गेले. पुढे २०१२ मध्ये तोही आराखडा स्थगित झाला, राजकारण आडवे आले. तरी आपल्या गावाचा नकाशा हातात घेऊन वाचायची सवय अनेक गावांना त्यातून लागली.

जयपूरचा मास्टर प्लान २०२५ पर्यंतचा होता. पुढच्या आराखड्यावर हरकती मागवल्या जातील तेव्हा काय लिहायचे, यावर आमच्या वसाहतीत चार-सहा निवृत्त मंडळी बसतो. त्यात एक गोष्ट निघाली. जुलै १९८१ मध्ये जयपूरला मोठा पूर आला होता. आमानीशाह नाला, ज्याला आता द्रव्यवती नदी म्हणतात, त्याच्या काठच्या कोणत्या गल्लीत पाणी कुठवर चढले होते हे सांगणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. म्हणून आम्ही परिसराचा मोठा नकाशा छापून घेतला आहे. दोघे मिळून जातो, एकाच गल्लीतल्या दोन वेगळ्या घरांत तोच प्रश्न विचारतो, दोन्ही उत्तरे जुळली तरच निळी खूण करतो, नाही जुळली तर पेन्सिलीने. आतापर्यंत अकरा निळ्या खुणा झाल्या आहेत आणि चार पेन्सिलीच्या. त्या चारांपैकी एका घरच्या आजी सध्या मुलाकडे अजमेरला आहेत. त्या दिवाळीला परत येतील तेव्हा विचारायचे आहे.