बदलीचा हुकूम कुणाचा?

माझी शेवटची पोस्टिंग जयपूरला आली, तेव्हा पत्नीनं पुण्यातली शाळेची कायमची नोकरी सोडली. हुकूम माझ्या नावाचा होता. तिला मी विचारलंसुद्धा नाही.

आता याच जयपूरचा इतिहास बघा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं लग्न त्यांनी स्वतः मोडलं आणि घरच्यांचा विरोध असताना १९१३ मध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न केलं. कुठं नांदायचं, हे त्यांनीच ठरवलं. त्यांची मुलगी गायत्रीदेवी. सवाई मानसिंह दुसरे यांची तिसरी पत्नी म्हणून त्या १९४० मध्ये स्वतःच्या पसंतीनं जयपूरला आल्या. इथं जनान्यात पडदा होता. १९४३ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली आणि १९६२ मध्ये जयपूरमधून लोकसभेवर निवडून आल्या.

पण हे राजघराण्यातलं झालं. २०११ च्या जनगणनेत स्थलांतरित बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींचं कारण एकच नोंदलंय: लग्न. तिला विचारलं होतं का, असा रकाना त्यात नाही.

निवृत्तीच्या वेळी मी प्रथमच विचारलं, "कुठं राहायचं?"

ती म्हणाली, "इथंच. इथली शाळा आता मी सोडणार नाही."

म्हणून आम्ही जयपूरकर.