चिंचवणी : एका शब्दाचे वय

सणाच्या पेयांची नावे इतकी ओठांवरची असतात की त्यांचे मूळ शोधावे असे सहसा कुणाला वाटत नाही. चिखली आणि भोवतालच्या वऱ्हाडात अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात आणि नैवेद्यात चिंचवणी ठेवतात. चिंचेचा कोळ, गूळ, पाणी आणि चवीपुरते मीठ-जिरे, एवढेच त्याचे साहित्य. 'चिंचेचे पाणी ते चिंचवणी' असे म्हटले की व्युत्पत्ती संपली असे वाटते. आमच्या मते खरा प्रश्न तेथेच सुरू होतो. पाण्याचे 'वणी' का झाले?

संस्कृत 'पानीय' म्हणजे पिण्याजोगे. त्याचे प्राकृतात 'पाणिअ' आणि मराठीत 'पाणी' झाले. शब्दाच्या आरंभीचा 'प' टिकला. परंतु दोन स्वरांमध्ये सापडलेला 'प' प्राकृतात मृदू होऊन त्याचा 'व' होतो. दीपाचा दिवा, कूपाचा कुवा आणि तापाचा ताव झाला तो असाच. समासाच्या उत्तरपदी आलेल्या पाण्याचीही तीच गत झाली. पुरणपोळीसोबतची गुळवणी, मिठवणी आणि जुन्या मराठीतील पायवणी, म्हणजे पूज्य व्यक्तीचे पाय धुतलेले तीर्थ, हे सारे शब्द एकाच कुळातले. उलट 'लिंबूपाणी', 'गुलाबपाणी' यांत 'प' शाबूत आहे, कारण ही जोडणी पुढच्या काळातली. गुलाबपाण्यात तर द्विरुक्तीच आहे. फारसी 'गुलाब' या शब्दातच गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. आपण त्यावर आणखी पाणी ओतले!

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे पन्हे याच घराण्यातले. त्याचे मूळ संस्कृत 'पानक' मानतात. पानीय आणि पानक या दोहोंचा धातू 'पा', म्हणजे पिणे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गुळाच्या आंबट आणि बिनआंबट पानकांचे गुण सांगितले आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२७ ते ११३८) याच्या 'मानसोल्लासा'तही पानकांचे वर्णन येते. मात्र गाईचा 'पान्हा' हा पन्ह्याचा भाऊ नव्हे. तो 'प्रस्नव' या शब्दापासून आलेला. साम्य केवळ कानाचे.

यानंतरचा थर 'सरबत' या शब्दाचा. पिणे या अर्थाच्या अरबी धातूपासून तो निघाला आणि फारसीमार्गे मराठीत आला. 'शराब'ही त्याच धातूची. अरबीत शराब म्हणजे कोणतेही पेय. आपल्याकडे मात्र एक बहीण पाहुण्यांसमोर आली आणि दुसरी उंबऱ्याबाहेर राहिली.

आज चिंचवणीलाही 'चिंचेचे सरबत' म्हणणारे तरुण विद्यार्थी आम्हांस भेटतात. चव तीच, त्यामुळे बिघडले काय, असा प्रश्न रास्त आहे. शब्द बदलतातच, सरबतही एकेकाळी नवे होते. पण शिलालेख नसलेल्या स्वयंपाकघरांचा इतिहास अशा उच्चारांतच टिकून असतो. वऱ्हाडी बोलीत 'ण'चा 'न' करून 'चिचवनी' म्हणणाऱ्या आजीने प्राकृत व्याकरण वाचलेले नसते, तरी तो नियम तिच्या जिभेवर असतो. तिच्या पश्चात तिच्या नावाने घागर भरताना हे पेय तिने दिलेल्या नावानेच वाढावे, एवढेच आमचे म्हणणे.