खिशातला तोफखाना

इंग्रजांनी तिला टॉर्च म्हटलं, अमेरिकनांनी फ्लॅशलाइट म्हटलं, शुद्ध मराठीच्या कैवाऱ्यांनी विजेरी म्हटलं आणि उरलेल्या महाराष्ट्राने एकमताने बॅटरी म्हटलं. वास्तविक बॅटरी हे आतल्या मालाचं नाव. डब्यात लाडू असले म्हणून डब्याला कोणी लाडू म्हणत नाही. पण दिवे गेल्यावर कोनाडे चाचपणाऱ्या माणसाला व्याकरण सुचत नाही. 'अगं, बॅटरी कुठाय?' एवढंच त्याच्या तोंडून निघतं, आणि 'तुम्ही ठेवलीत तिथंच असेल' हे उत्तर स्वयंपाकघरातून येतं. खेड्यापाड्यांत सेलला मसाला म्हणत. त्यामुळे 'मसाला संपला' हे ऐकून शहरातून आलेल्या पाहुण्याला रात्रीच्या रश्श्याची काळजी वाटे.

बॅटरी हा शब्द मुळात तोफखान्याचा. ओळीने मांडलेल्या तोफा म्हणजे बॅटरी. अठराव्या शतकाच्या मध्याला बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेत विजेशी खेळत होता. वीज साठवणाऱ्या काचा त्याने एकीला एक जोडल्या आणि त्या रांगेला तोफांवरून हे नाव दिलं. तेव्हा उशाशी बॅटरी घेऊन झोपणारा एखादा पेन्शनर स्वतःच्या नकळत तोफखाना उशाशी घेऊन झोपत असतो.

हल्ली हा तोफखाना करंगळीएवढा झाला आहे. तो किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो, पेनासारखा खिशाला अडकतो, आणि दुकानात गेलं तर पन्नास नमुन्यांत मिळतो. 'रोज खिशात बाळगायला कुठली घ्यावी हो?' असं मला अधूनमधून कुणी विचारतं. माझं उत्तर जरा लांबतं, कारण मी ते १८९९ सालापासून सुरू करतो.

त्या वर्षी १० जानेवारीला न्यूयॉर्कमधल्या डेव्हिड मिसेल नावाच्या इंग्रज गृहस्थाला एका दिव्याचं पेटंट मिळालं. कागद आणि फायबर यांची नळी, तिच्यात एकामागे एक बसवलेले तीन सेल, तोंडाशी बल्ब आणि मागे ओबडधोबड पितळी परावर्तक. आजच्या बॅटरीचा सगळा संसार त्यात होता. पेटंट गेलं कॉनरॅड ह्यूबर्ट या माणसाच्या कंपनीकडे. ह्यूबर्ट मूळचा रशियन साम्राज्यातला, मिन्स्ककडचा. खरं नाव अकिबा होरोविट्झ. १८९१ साली तो अमेरिकेत उतरला आणि सिगारच्या दुकानापासून खाणावळीपर्यंत मिळेल तो धंदा त्याने करून पाहिला. असा माणूस आपल्याकडे असता तर 'याचं कशातच बस्तान बसत नाही' म्हणून घरच्यांनी त्याला कुठंतरी चिकटवून टाकलं असतं. पुढे याच्याच कंपनीच्या मालावर एव्हरेडी हे नाव आलं.

ह्यूबर्टने थोड्या बॅटऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना फुकट वाटल्या आणि त्यांचे अभिप्राय मागवले. अभिप्राय उत्तम आले. फुकट मिळालेल्या वस्तूला पोलिसाने नावं ठेवल्याचं इतिहासात बहुधा कुठेच नमूद नसावं. ते अभिप्राय त्याने १८९९ च्या कॅटलॉगात छापले, आणि मुखपृष्ठावर बायबलातली सृष्टीच्या आरंभीची प्रकाशाची आज्ञाच घातली. तीन सेलच्या जिवावर एवढी हिंमत! कारण तो दिवा सलग जळतच नसे. सेल दुबळे, बल्बमधली तार कार्बनची. क्षणभर दाबायचं, बघायचं आणि सोडायचं, म्हणजे सेलला दम खायला सवड मिळे. असा नुसता लुकलुकतो म्हणून तो 'फ्लॅश' लाइट. तेव्हा अमेरिकनांनी दिलेलं हे नाव म्हणजे कौतुक कमी आणि तक्रारच जास्त.

सेलच्या या दमेकरीपणाची आमच्या पिढीला चांगली ओळख आहे. मंद झालेले सेल काढून उन्हात ठेवायचे, हा घरोघरी चालणारा उपचार होता. पापड एका बाजूला, सेल एका बाजूला. त्यात तथ्य होतं. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते आणि मरणाऱ्या सेलला रात्रीपुरती धुगधुगी येते.

त्या सेलच्या पोटात काय असे? फ्रान्सच्या लेक्लांशेने १८६६ साली जस्त, कार्बन, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचं पाणी यांचा सेल बनवला. तो ओला होता. खिशात घातला असता तर उजेडाआधी धोतराचा निकाल लागला असता. १८८६ च्या सुमारास जर्मनीच्या कार्ल गासनरने ते पाणी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये मुरवून कोरडा सेल केला. नवसागर म्हणजे तोच, जो कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकून पांढऱ्या धुराचा लोट उठवायचा. आणि ती काळी पूड म्हणजे मँगनीजचं खनिज. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून सेलच्या कारखान्यांना लागणारं नेमकं हेच खनिज निघतं. शाळेत जुने सेल फोडून त्या पुडीने आम्ही फळा काळा करायचो, तेव्हा भंडाऱ्याची माती हाताला लागत असेल अशी कुणाला कल्पना? हात काळे झाले म्हणून मार मात्र मिळायचा.

खिशाच्या दृष्टीने महत्त्वाचं साल १९०७. त्या वर्षी अमेरिकन एव्हरेडीने बोटाएवढा बारीक सेल काढला. आपण ज्याला पेन्सिल सेल म्हणतो तो हाच. भिंतीवरच्या घड्याळापासून रिमोटपर्यंत सगळीकडे तो शिरला, पण जन्मला छोट्या बॅटरीसाठी. १९१० च्या सुमारास बल्बमध्ये कार्बनच्या जागी टंगस्टनची तार आली, उजेड वाढला, आणि दाबून सोडण्याची कसरत संपली. नाव फ्लॅशलाइटच राहिलं. माणूस सुधारला तरी शाळेतलं टोपणनाव सुटत नाही, त्यातलाच प्रकार.

इथून पुढचा बॅटरीचा इतिहास म्हणजे 'अजून उजेड द्या' या एकाच मागणीचा इतिहास. अपवाद युद्धाचा. १९३९ च्या सप्टेंबरात लंडनमध्ये ब्लॅकआउट सुरू झाला. रस्त्यावर बॅटरी वापरायची असेल तर काचेवर पातळ कागदाचे पदर चढवा आणि झोत जमिनीकडे ठेवा, असा दंडक होता. बॅटरी सापडे, तर तिला लागणारे सेल दुकानातून गायब. जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये सेलचा प्रश्नच काढून टाकणारा दिवा लोकांनी वापरला. फिलिप्सने बनवलेला, मुठीत दाबत राहिलं की आतलं डायनामो फिरतं आणि घरघर करत उजेड पडतो. डच लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'दाबायचं मांजर'. आपल्याकडे १९७१ च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआउट झाला, तेव्हा बॅटरीच्या काचेवर पंजा धरून, बोटांच्या फटींतून झिरपणाऱ्या लालसर उजेडात आम्ही जिने उतरलो. तेवढा उजेड पायरी दिसायला पुरला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युद्धं संपली आणि मागणी पुन्हा सुरू झाली. टोनी मॅग्लिका हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, पण बालपण क्रोएशियातल्या झ्लारिन बेटावर काढलेला कारागीर. त्याने १९७९ साली ॲल्युमिनियमची दणकट मॅगलाइट काढली. पोलिस पुन्हा खूश. यावेळी कारण निराळं होतं. एकाच वस्तूत दिवाही होता आणि दंडुकाही. १९८४ साली तिचं दोन पेन्सिल सेलवर चालणारं पिल्लू आलं आणि दणकटपणा खिशात मावू लागला. नंतर जपानच्या शुजी नाकामुरांनी १९९३ साली लख्ख निळा एलईडी करून दाखवला. त्यावर पिवळ्या चमकद्रव्याचा लेप दिला की पांढरा उजेड. म्हणजे जुन्या बल्बमधली जी तार बहुतेक वीज नुसती तापण्यातच घालवत असे, तीच गेली. या निळ्या दिव्याला २०१४ चं नोबेल मिळालं, आकासाकी आणि आमानो यांच्यासह. १९९१ पासून बाजारात आलेल्या लिथियम-आयन सेलची जोड मिळाली आणि तोफखान्याला खरोखरच दारूगोळा आला.

परवा माझा भाचा असली एक करंगळी घेऊन आला.

'मामा, हजार लुमेन!'

'म्हणजे किती?'

'आजोबांची ती दोन सेलची होती ना, तशा पन्नास!'

हिशोब बरोबर होता. जुन्या दोन सेलच्या बॅटरीचा उजेड वीसेक लुमेनच्या घरातला. त्याने खोक्यावरचं पुढचं वाचलं, 'झोत दोनशे मीटर.' आता या मीटरची गंमत अशी, की २००९ साली अमेरिकेत एफएल-१ नावाचं मानक ठरलं. त्याप्रमाणे झोत कुठवर पोचला मानायचा? तर जिथं त्याचा उजेड पाव लक्स उरतो तिथवर. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका. सारांश, भाच्याचे पैसे खर्च होऊन दोनशे मीटरवर जे पडणार होतं, ते कोजागिरीला मसाला दुधासकट गच्चीवर फुकट मिळतं.

'आणि दोन तास चालते,' तो म्हणाला.

तेही मानकाप्रमाणेच. उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ 'चालते' या सदरात धरतात. एवढीशी नळी हजार लुमेनवर दोन-तीन मिनिटांत चटका देण्याइतकी तापते आणि मग स्वतःच गुपचूप उजेड उतरवते. दोन तासांपैकी बहुतेक वेळ ती दमलेल्या कीर्तनकारासारखी खालच्या पट्टीत गात असते. खोटं कोणीच बोलत नाही. फक्त खोकं आपल्याला हवं ते ऐकवतं.

मग पारख करायची कशी? माझी परीक्षा साधी आहे. पहिली खिशाची. सदऱ्याच्या खिशात घालून वाका. ती खाली पडली किंवा सदरा एका खांद्यावरून ओघळला, तर ती नापास. दुसरी एका हाताची. दुसऱ्या हातात छत्री किंवा पिशवी आहे असं धरून, न बघता पेटवता आली पाहिजे. तिसरी बटणाची. खिशातल्या खिशात दाबलं जाणारं बटण असेल, तर गरज पडेल तेव्हा सेल संपलेला आणि मांडी भाजलेली. चौथी सेलची. आडगावच्या वाण्याकडे पेन्सिल सेल हमखास मिळतो. चार्जरवर भरायची बॅटरी घरी बरी. पण पुष्कळदा तिला म्हातारपण नसतं. शेवटपर्यंत लख्ख जळते आणि एकदम डोळे मिटते. जुने सेल निदान पिवळे पडत पडत निरोप घ्यायचे.

पाचवी परीक्षा सर्वांत अवघड, म्हणजे कमीत कमी उजेडाची. सगळ्यांत खालच्या पायरीवर ती किती मंद जळते? रात्री दोनला उठून हजार लुमेन लावले तर घरातली मंडळी जागी होतात, आणि मग जो प्रकाश पडतो तो बॅटरीचा नसतो.

'पण मोबाइलात आहेच की बॅटरी,' असं भाचा म्हणालाच. आहे. उजेडही बरा असतो. पण पावसात ओल्या हातांनी तो काढायचा, तोच कानाशीही धरायचा, आणि चार्ज संपला की उजेड आणि मदतीला हाक मारायची सोय एकदमच जाणार. दोन कामं एकाच गड्यावर टाकल्यासारखं ते आहे.

हे सगळं मी इतक्या हट्टाने का सांगतो? कारण आपल्याकडे बॅटरी ही हौसेची वस्तू कधीच नव्हती. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांतले. फुरसं मातीच्या रंगात मिसळून पडलेलं असतं. घोणस वाटेतून हलत नाही. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. विंचवाची गोष्ट तीच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि कोकणातली कितीतरी मुलं वाचली. पण चपलेत आधी उजेड टाकून मग पाय घातला, तर डॉक्टरांपर्यंत जावंच लागत नाही. शेतीची वीज कित्येक गावांत वर्षानुवर्षं रात्रीची येत राहिली. तेव्हा पाणी द्यायला बांधावरून जाणाऱ्या माणसाचा जीव त्याच्या हातातल्या नळीवर होता. त्याला दोनशे मीटरवरचं चांदणं बघायचं नव्हतं. पुढचं पाऊल कुठं पडतंय, एवढंच बघायचं होतं.

एकशे पंचवीस वर्षं माणसं उजेड लांब लांब फेकायला शिकली. पाय मात्र अजून दीड-दोन हातांपलीकडे पडत नाही. त्या अंतराला पाच-दहा लुमेन पुष्कळ होतात. मुंबईच्या जिन्यात तर बोटांच्या फटींतल्या उजेडावर भागलं होतं.

भाच्याला म्हटलं, 'बाबा रे, बॅटरी छान आहे. हजार लुमेन मित्रांना दाखवायला ठेव, आणि रोज खालच्या पायरीवर लाव. मुख्य म्हणजे खिशात ठेव. कपाटातला तोफखाना कुणाच्या उपयोगी पडलाय?'

'मग मामा, तुम्हाला पण एक आणू?'

'आण,' मी म्हणालो. 'पेन्सिल सेलवाली आण. आणि मामीसाठीही एक आण, म्हणजे माझी कुठाय ते शोधता येईल.'