रोडपाली : कौटुंबिक हिंसापीडित स्त्रिया व मुले यांच्यासाठी साहाय्यसेवा

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात, कळंबोली वसाहतीस लागून असलेले मौजे रोडपाली हे नवी मुंबई प्रकल्पात आलेल्या गावांपैकी एक असून, घरातील मारहाणीस कंटाळून रात्री-अपरात्री मुलासह बाहेर पडलेल्या येथील स्त्रीस ज्या दफ्तरांची पायरी चढावी लागते, ती तीन ठिकाणी विभागलेली आहेत : पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाच्या इलाख्यातील, नागरी कारभार १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेकडे, आणि महिला व बालविकासाचा जिल्हा कारभार अलिबागेस. प्रस्तुत नोंदीत या स्त्रीस उपलब्ध असलेल्या राज्यव्यापी सेवांचा परामर्श घेतला आहे.

पूर्वपीठिका : जोतीराव फुले यांचे बालहत्या प्रतिबंधक गृह (१८६३) आणि पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) या संस्थांनी निराधार स्त्रीस आश्रय दिला, तथापि नांदत्या घरातील मार हा सार्वजनिक दखलीचा विषय होण्यास पुढे जवळजवळ एक शतक लोटावे लागले. पुण्यातील मंजुश्री या विवाहितेच्या मृत्यूनंतर १९८२ साली नारी समता मंचाने भरविलेल्या ‘मी एक मंजुश्री’ या प्रदर्शनाने मध्यमवर्गीय महाराष्ट्राचे मौन प्रथम मोडले.

विशेष कक्ष व दिलासा : टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्त कार्यालयात महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष उघडला, आणि पुढे राज्य शासनाने तो उपक्रम आपल्याकडे घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत विस्तारला. ‘घरचे भांडण आहे, मिटवून घ्या’ असे उत्तर ज्या ठाण्यात मिळे, त्याच आवारात समाजकार्याचे शिक्षण घेतलेली, वर्दी नसलेली कार्यकर्ती बसवावी, म्हणजे फिर्याद लिहिण्यापूर्वी आणि लिहिल्यानंतरही स्त्रीचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारे कोणी तेथे असेल, ही त्यामागील योजना. हेच सूत्र रुग्णालयात आणले ते सेहत संस्था व मुंबई महानगरपालिका यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राने. ‘मोरीत घसरून पडले’ असे सांगणाऱ्या स्त्रीच्या दंडावर ताज्या जखमेशेजारी जुना, पिवळा पडलेला वळ दिसला, तर परिचारिकेने नवऱ्याला बाहेर थांबवून एकांतात काय विचारावे, याचे शिक्षण तेथे दिले जाते. राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्क्यांनी कोणाकडे मदत मागितल्याचे आढळले. म्हणूनच स्त्री अन्य कारणाने ज्या दारी येते तेथेच मदत उभी करण्याचा हा विचार महाराष्ट्राची या क्षेत्रातील सर्वांत मोलाची कामगिरी मानावी लागते.

कायदा : कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. स्त्रीने घर सोडावे या जुन्या गृहीताऐवजी तिला घरात राहण्याचा हक्क आहे, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. घर सासऱ्याच्या नावे असले तरी ते एकत्र वास्तव्याचे घर ठरू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी दिला. गावठाणातील घरे वडिलोपार्जित नावावरच चालत असल्याने रोडपालीसारख्या गावी त्याचे महत्त्व विशेष. माहेरी गेलेली स्त्री तेथील दंडाधिकाऱ्याकडेही दाद मागू शकते. अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कलम आहे; ही मुदत बहुधा पाळली जात नाही. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीस विधी सेवा समितीकडून वकील विनामूल्य मिळतो.

घटना अहवाल : वरील अधिनियमान्वये नेमलेला संरक्षण अधिकारी भरतो तो हा नमुना बारकाईने वाचण्याजोगा आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक, आर्थिक इत्यादी सदरांखाली त्यात तपशील मागितला असून, औषधाला पैसे न देणे, घरभाडे वा विजेचे बिल न भरणे, पगार हिसकावणे, स्त्रीधन गहाण टाकणे यांचीही नोंद होते. आपण जे सोसले त्याला सरकारी कागदावर स्वतंत्र रकाना आहे, हे पाहून अनेकींना बोलण्याचे बळ येते. संरक्षण अधिकाऱ्याचे हे काम आरंभी इतर कामे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांवर जादा कार्यभार म्हणून सोपविले गेले.

निवारा : ‘सखी’ वन स्टॉप सेंटर (२०१५ पासून) येथे पाच दिवसांपर्यंत राहता येते; दीर्घ मुदतीसाठी शक्ती सदन हे निवारागृह आहे.

मुले : घटना अहवालातील मुलांच्या रकान्यात त्यांचे नाव, वय, लिंग आणि ती सध्या कोणाकडे राहतात एवढेच विचारले आहे; त्यांनी काय पाहिले, हे विचारलेले नाही. सखी केंद्राच्या मूळ मार्गदर्शिकेत आईबरोबर मुलीस कोणत्याही वयात, मुलास मात्र आठ वर्षांपर्यंतच प्रवेश ठरविला होता. शक्ती सदनात मुलासाठी ही मर्यादा बारा वर्षांची आहे. त्याहून मोठ्या मुलाला आईपासून वेगळे ठेवावे लागते, या कारणाने कित्येक स्त्रिया निवाऱ्याऐवजी पुन्हा त्याच घरी परततात. ही त्रुटी तातडीने दूर व्हावयास हवी. दंडाधिकारी २००५ च्या अधिनियमातील कलम २१ अन्वये आईस मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकतो. शाळेचा दाखला सासरी अडकून पडला असला तरी शिक्षणहक्क अधिनियम, २००९ नुसार प्राथमिक शिक्षण घेणाऱ्या मुलास नव्या शाळेने त्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. एकल पालकांच्या मुलांसाठी राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात.

मतभेद : ठाण्यातील समुपदेशन समेटाकडे झुकते किंवा कसे, याविषयी कार्यकर्त्यांत एकमत नाही.

मदतवाहिन्या : महिला १८१, बालके १०९८, पोलीस ११२.