एकखेळी सराव, बालवयातील (बर दुबई)

बारा-तेरा वर्षांच्या आत बाकीचे खेळ सोडून, वर्षातले आठ महिने किंवा त्याहून जास्त एकाच खेळाचा सराव करणे. बर दुबईतल्या मराठी घरांत हा खेळ बहुधा क्रिकेट. मीना बाजार, मनखूल, अल फाहिदीच्या दाट वस्तीत मोकळे मैदान दुर्मीळ. मोठी माणसे सुट्टीच्या सकाळी पार्किंगमध्ये टेनिस बॉलने खेळतात. मुले फी भरून अकॅडमीच्या नेट्सवर जातात.

पालकांच्या डोळ्यांसमोर सचिन तेंडुलकर असतो : अकराव्या वर्षी शिवाजी पार्कवर प्रशिक्षक आचरेकर सरांकडे, सोळाव्या वर्षी कसोटी. अमिरातीच्या संघाकडूनही माहिका गौर २०१९ मध्ये बाराव्या वर्षी आंतरराष्ट्रीय सामना खेळली. ही उदाहरणे खरी आहेत, पण अपवादाची आहेत.

या वाटेची किंमत बेसबॉलमध्ये उघड दिसते. आधी फायद्यासारखे दिसणारे : अमेरिकेतल्या मेजर लीगमधल्या फास्टबॉलचा, म्हणजे पिचरने फेकलेल्या वेगवान चेंडूचा, सरासरी वेग २००८ साली ताशी सुमारे १४८ किमी होता. २०२४ पर्यंत तो १५१ च्या वर गेला. याचे श्रेय लवकर सुरुवातीला देणे चूक. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, जपानमधून येणारे खेळाडू, वेग मोजणारी यंत्रे आणि शास्त्रशुद्ध व्यायाम यांचा त्यात मोठा वाटा आहे. दुसरीकडे, १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरावर प्रथम केलेली शस्त्रक्रिया आता शाळकरी मुलांवरही करावी लागते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये, बहुतेक खेळांत पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत एकाच खेळाला जुंपू नये, असे सुचवले. दुबईत बेसबॉल युनायटेड लीगचा पहिला हंगाम नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि त्यात ‘मुंबई कोब्राज’ हा संघही आहे. तेव्हा हा प्रश्न इथेही परका राहिलेला नाही.

क्रिकेटमध्ये कोपराऐवजी कंबर जाते. कोवळ्या वयातल्या वेगवान गोलंदाजाच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होते, तेही बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. उजव्या हाताने टाकणाऱ्याची डावी बाजू दुखते आणि मागे वाकले की कळ येते. म्हणून इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने तेरा वर्षांखालच्यांना एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटकांची मर्यादा घातली. पण मूल शाळेच्या संघात, अकॅडमीत आणि सुट्टीच्या लीगमध्येही टाकत असेल, तर एका प्रशिक्षकाला दुसरीकडची षटके कळत नाहीत. ही बेरीज घरच्यांनीच ठेवावी. कंबर दुखते असे मूल म्हणाले, तर त्याच दिवशी गोलंदाजी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. स्पर्धा संपण्याची वाट पाहू नये.