नॉर्दन लाइट्सची नाइट टूर: त्या रात्री नेमकं काय होतं आणि तुम्ही पैसे कशाचे मोजता?

रीलमध्ये सगळं सोपं दिसतं. बर्फाळ डोंगर, आकाशात हिरव्या प्रकाशाचे हलते पडदे आणि खाली हात पसरून उभा असलेला पर्यटक. पंधरा सेकंदांत व्हिडिओ संपतो. त्या पंधरा सेकंदांसाठी तो माणूस उणे पंधरा अंशांत किती तास थांबला होता आणि आदल्या दोन रात्री नुसते ढग बघून हॉटेलवर परतला होता का, हे रीलमध्ये येत नाही.

नॉर्दन लाइट्स, म्हणजे उत्तर ध्रुवीय प्रकाश, आता मुंबई-पुण्यातल्या टूर कंपन्यांच्या यादीतही आहेत. खर्च लाखांत जातो. अनेकांसाठी ही आयुष्यात एकदाच होणारी ट्रिप असते. म्हणून बुकिंगआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हा प्रकाश दिसेलच याची हमी कोणतीही कंपनी देऊ शकत नाही. मग गाइड पैसे कशाचे घेतो? उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहराच्या उदाहरणातून पाहू. नॉर्दन लाइट्ससाठी जगभरातून सर्वाधिक पर्यटक जिथे जातात, अशा ठिकाणांपैकी हे एक.

ट्रोम्सोच का?

ट्रोम्सो आर्क्टिक वर्तुळाच्या सुमारे ३५० किलोमीटर उत्तरेला आहे. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती एक अंडाकृती पट्टा असतो आणि ध्रुवीय प्रकाश मुख्यतः या पट्ट्यात दिसतो. ट्रोम्सो बरोबर त्याखाली येतं. शिवाय ते नीट वसलेलं शहर आहे. विमानतळ, विद्यापीठ, हॉटेलं, सगळं आहे. ऑस्लोहून विमानाने दोन तासांच्या आत पोहोचता येतं.

समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे इथली थंडी अक्षांशाच्या मानाने सौम्य असते. जानेवारीतही शहरात पारा बऱ्याचदा शून्याच्या थोडा खाली असतो. पण तोच समुद्र ढगही घेऊन येतो आणि नाइट टूरची सगळी कसरत या ढगांमुळेच होते.

हा प्रकाश तयार कसा होतो?

सूर्यातून विद्युतभारित कणांचा झोत सतत बाहेर पडत असतो. त्याला सौर वारा म्हणतात. त्याचा वेग साधारणपणे सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर असतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हा वारा अडवतं, पण या टकरीतून मिळालेली ऊर्जा काही कणांना ध्रुवांच्या दिशेने वातावरणात ढकलते. तिथे ते वायूंच्या अणू-रेणूंवर आदळतात आणि प्रकाश बाहेर पडतो.

रंग वायूवर आणि उंचीवर ठरतो. १०० ते १५० किलोमीटरवरचा ऑक्सिजन हिरवा प्रकाश देतो. २०० किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन लाल दिसतो. निळ्या, जांभळ्या आणि गुलाबी छटा मुख्यतः नायट्रोजनच्या.

याचा सूर्याशी आणि चुंबकत्वाशी संबंध आहे, हे प्रयोगशाळेत दाखवणारे शास्त्रज्ञ नॉर्वेचेच होते. क्रिस्तियान बिर्कलंड यांनी निर्वात पेटीत छोटा चुंबकीय गोळा ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडला. गोळ्याच्या ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटली.

इथे एक आकडा लक्षात ठेवा. प्रकाश १०० किलोमीटरच्या वर असतो आणि पाऊस-बर्फ आणणारे ढग फार तर दहा-बारा किलोमीटरवर. म्हणजे वर कितीही जोरदार खेळ चालू असला, तरी खाली ढग असतील तर तुम्हाला काहीच दिसणार नाही.

मग केपी इंडेक्सचं काय?

अरोराच्या अॅपमध्ये 'केपी' नावाचा आकडा दिसतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ आहे, हे तो ० ते ९ या पट्टीवर सांगतो. केपी १ किंवा २ दिसला की पर्यटक निराश होतात. पण हा आकडा दक्षिणेकडच्या लोकांना जास्त कामाचा. केपी वाढला की प्रकाशाचा पट्टा दक्षिणेकडे पसरतो. ट्रोम्सो मुळातच पट्ट्याखाली असल्याने तिथे केपी १-२ असतानाही छान दर्शन होऊ शकतं.

महिनाभर आधीचा भरवशाचा अंदाज शक्य नाही. सौर वारा मोजणारे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहेत. तिथून वारा पृथ्वीपर्यंत यायला साधारण तासभर लागतो, म्हणजे पक्की सूचना मिळते ती तेवढीच आधी. ढगांचा अंदाजही एक-दोन दिवसांपलीकडे डळमळीत होतो. म्हणून अनुभवी गाइड केपीपेक्षा ढगांचा नकाशा जास्त बघतो.

टूरची रात्र कशी जाते?

कामाची सुरुवात दुपारी होते. गाइड उपग्रहाची छायाचित्रं, हवामानाचा अंदाज, रस्त्यांवरचे वेबकॅम बघतो आणि दिशा ठरवतो. नॉर्वेच्या हवामान संस्थेचं 'यर' हे मोफत अॅप तुम्हीही वापरू शकता.

संध्याकाळी साधारण सहा-सातला गाडी शहरातून निघते. किनाऱ्याकडे आकाश मोकळं असेल, तर शेजारच्या क्वालोया बेटावर अर्ध्या-पाऊण तासात थांबा मिळतो. तिथे ढग असतील, तर गाडी आतल्या भागाकडे वळते. शीबोटन हा भाग डोंगरांच्या पावसाआड येतो. कोकणात धो धो पाऊस आणि घाटापलीकडे माणदेश कोरडा, तसाच हा प्रकार. ढग किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर रिकामे होतात आणि पलीकडे आकाश बऱ्याचदा स्वच्छ राहतं. ट्रोम्सो विद्यापीठाची वेधशाळाही शीबोटनलाच आहे.

तिथेही ढग असतील, तर अनेक गाइड थेट फिनलंडमध्ये शिरतात. किल्पिसयार्वी हे सीमेजवळचं गाव ट्रोम्सोहून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट जवळ ठेवा. आणि कपडेही. समुद्रापासून दूर आल्यावर पारा उणे २० किंवा त्याखालीही जातो.

जागा ठरली की गाडीचे दिवे बंद होतात. थर्मल सूट वाटले जातात, शेकोटी पेटते, हॉट चॉकलेट किंवा सूप मिळतं. मग वाट बघायची. सुरुवातीला बहुतेकदा क्षितिजाजवळ फिकट कमान दिसते. नवख्या माणसाला तो ढगच वाटतो. कधी ती तासभर तशीच राहते, तर कधी अचानक उजळते, तिच्या झिरमिळ्या होतात आणि डोक्यावर सगळीकडे प्रकाश फिरू लागतो. हा सर्वांत तेजस्वी टप्पा अनेकदा काही मिनिटांतच संपतो. त्या वेळी गाडीत मोबाइल चार्ज करत बसलात तर तो हुकला.

परत यायला रात्रीचे एक-दोन वाजतात. फिनलंडपर्यंत गेलात तर तीनही.

डोळ्यांना फोटोसारखं दिसतं का?

बऱ्याचदा नाही. सर्वांत मोठा अपेक्षाभंग इथेच होतो.

अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग ओळखता येत नाहीत. त्यामुळे मंद अरोरा राखाडी-पांढरट दिसतो. कॅमेरा मात्र काही सेकंद प्रकाश साठवतो आणि तोच अरोरा गडद हिरवा दाखवतो. प्रकाश तीव्र झाला की हिरवा रंग डोळ्यांनाही स्पष्ट दिसतो, खालच्या कडेला गुलाबी झाकही दिसू शकते. आणि त्याची हालचाल फोटोत कधीच पकडता येत नाही. ती डोळ्यांनीच बघावी लागते.

डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मोबाइलची स्क्रीन एकदा डोळ्यांसमोर आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

फोटोसाठी ट्रायपॉड हवाच. मोबाइलमध्ये नाइट मोड लावून तीन ते दहा सेकंदांचा वेळ ठेवा. फ्लॅश पूर्ण बंद करा, नाहीतर आजूबाजूच्या सगळ्यांचे फोटो बिघडतील. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून पॉवर बँक आतल्या खिशात ठेवा.

स्वतः गाडी घेऊन गेलं तर?

जाता येतं. अरोरा बघायला तिकीट लागत नाही. पण बर्फाळ रस्त्यावर, काळोखात, आकाशाकडे बघत गाडी चालवणं धोक्याचं आहे. डांबरावरचा बर्फाचा पातळ थर दिसत नाही. रेनडिअर आणि मूस रस्त्यावर येतात. प्रकाश दिसला म्हणून भररस्त्यात गाडी थांबवणं किंवा कुणाच्या घरासमोर ती लावणं, याचा स्थानिकांना त्रास होतो आणि अपघातही होऊ शकतो. बर्फात गाडी चालवायचा सराव नसेल, तर गाइडसोबत जाण्याचं पहिलं कारण सुरक्षितता हेच आहे.

मात्र गाइड म्हणवणारा प्रत्येक जण अधिकृत असतो असं नाही. पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठी नॉर्वेत परवाना लागतो. सोशल मीडियावर मेसेज करून स्वस्तात टूर मिळत असेल, तर परवाना आणि विमा आहे का ते आधी विचारा.

कोणती टूर निवडावी?

मोठी बस: सर्वांत स्वस्त. पण ४०-५० जणांना घेऊन अरुंद जागी थांबता येत नाही. फोटोसाठी मदतही कमी मिळते.

मिनीबस: महाग, पण ढग चुकवत लांब जाता येतं. मुख्य उद्देश अरोरा हाच असेल तर ही बरी.

एकाच जागचा कॅम्प: सामी लोकांच्या 'लाव्वू' तंबूत जेवण, रेनडिअर किंवा कुत्र्यांची स्लेज. सामी हे या भागातले मूळ रहिवासी. अनुभव वेगळा, मुलं आणि ज्येष्ठांना सोयीचा. पण कॅम्प जागा बदलू शकत नाही. तिथे ढग आले तर दुसरा पर्याय नसतो.

बोट: शहराच्या दिव्यांपासून दूर नेते, पण हलत्या बोटीवर चांगला फोटो मिळणं अवघड.

किती रात्री ठेवाव्यात?

एक साधा हिशेब करू. समजा, कोणत्याही रात्री प्रकाश दिसण्याची शक्यता निम्मी आहे. एकच रात्र ठेवली तर निम्म्या लोकांना रिकाम्या हाताने परतावं लागेल. तीन रात्री ठेवल्या तर आठपैकी सात जणांना तो एकदा तरी दिसेल. प्रत्यक्षात खराब हवा दोन-तीन दिवस मुक्काम ठोकते, त्यामुळे गणित इतकं सरळ नसतं. तरीही किमान तीन-चार रात्री हव्यात आणि टूर पहिल्याच रात्रीची घ्यावी. ती वाया गेली तर पुढच्या रात्री हाताशी राहतात.

भारतातून पॅकेज घेत असाल तर कार्यक्रमपत्रिका नीट वाचा. 'आठ दिवस नॉर्दन लाइट्स' असं नाव असतं, पण अरोराच्या शोधात बाहेर पडण्याची रात्र कधी कधी एकच असते.

हंगाम सप्टेंबर ते मार्च. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रोम्सोत सूर्य उगवतच नाही, त्यामुळे अंधार भरपूर, पण दिवसा फिरायला उजेड कमी. फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फ आणि दिवसाचा उजेड दोन्ही मिळतं. मे ते जुलै अजिबात जाऊ नका. तेव्हा रात्रीही उजेड असतो.

'शेवटची संधी' खरी आहे का?

सूर्याची सक्रियता साधारण ११ वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होते. सध्याच्या चक्राचा उच्चांकाचा काळ सुरू असल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. त्यावरून 'आता नाही तर कधीच नाही' अशा जाहिराती झाल्या. त्या वाचून कर्ज काढून जायची गरज नाही. सूर्य शांत असतानाही ट्रोम्सोसारख्या ठिकाणी अरोरा दिसतच राहतो. फरक पडतो तो दूर दक्षिणेकडच्या भागांत.

मे २०२४ च्या मोठ्या सौर वादळात लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनीही आकाशातली लाल आभा टिपली होती. पण असे प्रसंग क्वचित येतात. त्यावर भारतात सहल आखता येणार नाही.

बुकिंगआधी हे प्रश्न विचाराच

- एका गटात जास्तीत जास्त किती जण असतील?
- ढग असतील तर किती लांब नेणार? फिनलंडपर्यंत?
- आकाश झाकलेलंच असेल तर टूर रद्द करून पैसे परत देणार, की तरीही निघणार?
- 'गॅरंटी' म्हणजे काय? बहुतेकदा ती दुसऱ्या रात्रीची मोफत किंवा सवलतीची टूर असते. तुम्ही दुसऱ्या दिवशी परत निघणार असाल तर तिचा उपयोग नाही.
- थर्मल सूट, बूट, ट्रायपॉड आणि फोटो किमतीत धरले आहेत का?
- शाकाहारी जेवण मिळेल का? सूपमध्ये मासे किंवा रेनडिअरचं मांस असू शकतं, आधीच सांगा.
- वाटेत टॉयलेटची सोय कुठे आहे? अनेक थांबे उघड्या माळावर असतात.

कपड्यांत सुती टाळा, लोकरीचे थर घाला. बूट थोडे सैल घ्या, म्हणजे जाड मोजे मावतात. सोबत आई-वडील असतील तर बुटांखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे नक्की घ्या. शहराच्या फुटपाथवरही बर्फावरून पाय घसरतो.

थोडक्यात, गाइडला दिलेले पैसे मोकळं आकाश शोधण्याचे, सुरक्षित परत आणण्याचे आणि थंडीत तग धरायला मदत करण्याचे असतात. प्रकाश कधी यायचा ते त्याच्या हातात नसतं. हे मान्य करून गेलात, हाताशी दोन-तीन रात्री जास्त ठेवल्यात, तर एखादी रात्र ढगांत गेली म्हणून अख्खी सहल वाया गेली असं वाटणार नाही.